नवी बॅटरी घालण्याआधी मीटर लावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात जुनी गाडी सुरू झाली नाही की बॉनेट उघडायच्या आधीच 'बॅटरी गेली' असे सांगून लोक मोकळे होतात. आमच्या २००९ सालच्या डिझेल एसयूव्हीबाबत मी हे दोनदा ऐकले आणि दोनदा पैसे मोजले. तरीही जुलैतल्या एका पहाटे चार वाजता, आईला डायलिसिससाठी रत्नागिरीला न्यायचे असताना, चावी फिरवली तर नुसते 'टक' झाले. वाडीतल्या चार मुलांनी भर पावसात गाडी उतारापर्यंत ढकलत नेली म्हणून आम्ही वेळेवर पोहोचलो. तेव्हापासून हे पत्र लिहायचे मनात आहे.

पहिली बॅटरी साडेचार वर्षे चालली होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. दुसरी चौदा महिन्यांत बसली. दुकानदार म्हणाला, "तुमच्या वायरिंगमुळे गेली, वॉरंटी मिळणार नाही." वायरिंगमध्ये नेमके कुठे बिघडले आहे हे ना त्याने पाहिले, ना गॅरेजवाल्याने. जुनी भंगाराच्या भावात घेऊन साडेसहा हजारांची तिसरी बसवून दिली. अडीच महिन्यांत तिचेही तेच.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. मुख्याध्यापकांना विचारून प्रयोगशाळेतला मल्टिमीटर (व्होल्ट, अँपिअर मोजायचे यंत्र) रविवारी घरी आणला. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.४ व्होल्ट दिसले. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, १२ च्या खाली गेली की जवळजवळ रिकामी समजायची. म्हणजे आमची साधारण पाऊण भरलेली होती. भावाला सेल्फ मारायला सांगून मी मीटर बघत राहिले. बॅटरीच खराब असती तर आकडा नऊच्या आसपास कोसळला असता. तो ११.३ वर थांबला आणि सेल्फ काही फिरेना. बॅटरी द्यायला तयार होती, पण वाटेत कुठेतरी अडत होते.

मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरली. पुन्हा सेल्फ. इथे फार तर ०.२-०.३ व्होल्ट दिसायला हवेत. दिसले ३.१! सेल्फला शंभरावर अँपिअर लागतात, त्या प्रवाहात ०.०३ ओहम इतका क्षुल्लक रोधही तीन व्होल्ट गिळतो. शाळेत मुलांना शिकवते तोच ओहमचा नियम.

भाऊ गाडीखाली शिरला. इंजिनापासून चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जाणारी अर्थिंगची विणलेली पट्टी ही सेल्फच्या करंटची बॅटरीकडे परतीची वाट. ती वरून काळपट, पण धड दिसत होती. त्याने चिमटीत दाबली तशी आतून हिरवी भुकटी गळली. बोल्टखालची कडी गंजाने फुगलेली. कोकणातले इतके पावसाळे तिने सोसले होते.

बॅटरी भरणारा डायनॅमोही इंजिनालाच बसवलेला, त्यामुळे त्याच्या करंटची परतीची वाटही हीच पट्टी. गाडी चालू ठेवून दिवे लावले, तर डायनॅमोवर १४.२ आणि बॅटरीवर १३.३. बॅटरी पुरती भरतच नव्हती. चौदा महिन्यांत बसलेली ती बॅटरी कशाने गेली, ते तेव्हा उमगले. नवी पट्टी २६० रुपयांना मिळाली. चासीचा धातू पॉलिश पेपरने चकचकीत घासला, पट्टी आवळली, वर व्हॅसलीन लावले. गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली आणि मघाचे ३.१ आता ०.१५ झाले.

शेजारच्या काकांचे दुखणे वेगळे. त्यांची गाडी चार-पाच दिवस उभी राहिली की बॅटरी उतरायची. निगेटिव्ह केबल सोडवून मीटर मध्ये जोडला, दारे बंद करून अर्धा तास थांबलो. बंद गाडी ०.३५ अँपिअर ओढत होती. हा आकडा ०.०५ च्या आत हवा. एकेक फ्यूज काढत गेलो, बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टमचा फ्यूज निघताच तो ०.०३ वर आला. (मीटर असा जोडलेला असताना सेल्फ चुकूनही मारू नये, मीटर जळतो.)

बॅटरी विकणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. नवी देण्याआधी बिलावर तीन आकडे लिहून द्या: गाडी बंद असताना किती, सेल्फ मारताना किती, इंजिन चालू असताना किती. पाच मिनिटांचे काम आहे. तिसरा आकडा साधारण १३.८ ते १४.४ च्या दरम्यान नसेल, तर नवी बॅटरीही त्याच वाटेने जाणार, हे गिऱ्हाइकाला सांगा. आमच्यासारख्या गावांत रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला वाडीत एखादीच गाडी असते, आणि ती बहुधा जुनीच असते.

आपल्या वाहनविषयक पुरवणीत हे आकडे एकदा चौकटीत छापलेत, तर कात्रण काढून मी ते आमच्या शाळेच्या फलकावर लावीन.

आपली नम्र,
एक विज्ञान शिक्षिका
देवरुख, जि. रत्नागिरी