विषय : नवा कार्बोरेटर बसवूनही पेट्रोलगळती कायम, पैसे परत मिळणे व गाडी दुरुस्त होण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

माझी मोटारसायकल २०१८ची, कार्बोरेटरवाली. यावल तालुक्यातल्या आमच्या गावातून रोज भुसावळला जा-ये करतो. डिसेंबरात सकाळी गाडीखाली ओला डाग आणि ओट्यावर पेट्रोलचा वास येऊ लागला, म्हणून ती आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी कार्बोरेटरच्या बाऊलचं, म्हणजे पेट्रोल साठणाऱ्या खालच्या वाटीचं, गॅस्केट (सांध्यातलं पॅकिंग) आणि पेट्रोलची नळी बदलून ३८० रुपये घेतले. तिसऱ्या दिवशी डाग पुन्हा हजर. दुसऱ्या खेपेस 'कार्बोरेटरच गेला' म्हणून नवा बसवला, बिल ३,१४० रुपये. जुना मागितला तर 'जमा झाला' म्हणाले. नव्या कार्बोरेटरने आठवडाभर बरा कारभार केला, मग तोही टपकू लागला.

तिसऱ्यांदा गेलो तर उत्तर मिळालं, 'उन्हाने पेट्रोल फुगतं, त्यात हल्ली इथेनॉल.' साहेब, जानेवारी चालू आहे. आम्ही सकाळी शेकोटी पेटवतो.

त्याच आठवड्यात घरी भरिताचा बेत होता. आईने अंगणात पऱ्हाट्यांचा जाळ करून वांगी भाजायला घेतली आणि गाडी दहा-बारा पावलांवर ओट्याशी. वास येताच ती ओरडली, "पह्यले ते गाडी काढ तठून!" त्या दिवशी ठरवलं, आता आपणच बघायचं. तोवर तुमच्या सेंटरबाहेर मी एकही स्क्रू फिरवला नव्हता.

कार्बोरेटर फडक्याने कोरडा पुसला आणि बाऊलच्या सांध्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरली. रात्रभर कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी, चालू ठेवला. पावडर सकाळीही कोरडीच, म्हणजे गॅस्केटचा दोष नव्हताच. जादा पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या ओव्हरफ्लोच्या नळीखाली ठेवलेल्या पाव लिटरच्या बाटलीत मात्र तीन बोटं पेट्रोल. दुसऱ्या रात्री कॉक बंद केला, बाटली कोरडी. टाकी आणि कॉकचा सांधा गळत असता तर कॉक बंद असूनही गळला असता. म्हणजे दुखणं बाऊलच्या आत. बाऊल भरला की आतला तरंगता फ्लोट वर येतो आणि नीडल, म्हणजे सुईसारखी झडप, पेट्रोलची वाट बंद करते. ती नीट बसली नाही तर पेट्रोल येतच राहतं आणि ओव्हरफ्लोतून बाहेर पडतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने बाऊलवर दोन टिचक्या मारल्या तर टपकणं थांबलं, तासाभराने पुन्हा सुरू. नीडल अडकत होती हे तिथेच कळलं.

मग बाऊलच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल पांढऱ्या बशीत घेतलं. तळाशी तांबूस कण, चिमटीत चोळले तर बोट लाल. गंज! गावातल्या मिस्त्रीने टाकी रिकामी करून कॉक काढला, तर त्याच्यावरची गाळणीची जाळी फाटलेली. टाकीतला गंज सरळ खाली येतो आणि नीडलखाली बसतो. नवा कार्बोरेटर घाला की सोन्याचा, आठवडाभरात तेच होणार. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

आणि इथेनॉलचंच म्हणाल तर ते पाणी ओढून घेतं आणि पाण्याने टाकी गंजते हे तुमच्या माणसांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. मग टाकीचं झाकण उघडून आत बॅटरी मारायला किती वेळ लागतो? कॉक बंद-चालू करून बघायला तर पैसाही लागत नाही. तिन्ही जॉबकार्डांवर 'गळती तपासली' असं लिहिलंय. काय तपासलं, ते कुठेच नाही.

वर आणखी एक नुकसान. इंजिनातलं ऑइल मोजायची डिपस्टिक काढली तर ऑइल खुणेच्या वर आणि त्याला पेट्रोलचा वास. म्हणजे काही पेट्रोल इंजिनातही उतरलं. असं पातळ ऑइल घेऊन गाडी पळवली तर इंजिनाची वाट लागते, म्हणून त्या दिवसापासून गाडी बंद आहे आणि मी एसटीने जातोय.

माझं मागणं एवढंच : कार्बोरेटरचे ३,१४० आणि गॅस्केट-नळीचे ३८०, असे ३,५२० रुपये परत करावेत. टाकी साफ करून कॉकची जाळी आणि ऑइल आपल्या खर्चाने बदलावं. गाडी न्यायला पिकअप आपणच पाठवावी, ती चालवत आणायची माझी तयारी नाही. आणि कार्बोरेटर कशाच्या आधारावर बदलला, ते लेखी कळवावं.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत काही झालं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि पुढे जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी लागत नाही, हेही विचारून ठेवलंय.

तिन्ही जॉबकार्डं व दोन्ही बिलांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. बशीतला गाळ आणि फाटकी जाळी कागदात बांधून ठेवली आहे. आपला माणूस आला की दाखवीन. येताना जुना कार्बोरेटर सापडला तर तोही आणायला सांगावं.

आपला ग्राहक
(सही)