अबोल मुलीने वकील व्हायचं नाही?

मा. संपादक,

दहावीचा निकाल लागला की सांगलीत विश्रामबागपासून गावभागापर्यंत ‘करिअर चाचणी’चे फलक झळकू लागतात. माझ्या नातीनेही अशी चाचणी दिली. अहवाल आला : स्वभाव अंतर्मुख, सबब वकिली, शिक्षकी, विक्री टाळावी, अकाउंट्स किंवा संगणक बरा. पोरगी हिरमुसली. घरी कुणी बांधाचा वाद घेऊन आलं, की ही त्याचा सात-बारा मागून घेऊन वाचत बसते.

मी प्रश्नपत्रिका मागवून वाचली. चारचौघांत मिसळायला आवडतं का, कामं वेळेवर उरकता का, लवकर चिडता का... कुठलं काम करावंसं वाटतं, हे कुठेच विचारलेलं नाही. राज्य मंडळाने २०१६ मध्ये दहावीसाठी कल चाचणी आणली, तिच्यात निदान शेती, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांतली आवड तपासली जायची. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेले माणसांचे आणि कामांचे सहा गट आजही जगभर वापरतात. आवड हे स्वभावाचंच रूप, असं ते मानत, हे खरं. पण त्यांच्या प्रश्नावलीत कामांचीच विचारणा असते.

मी मार्केट यार्डात हळदीची अडत करतो. सौद्याला तोंडाळ व्यापारी असतात, तसे मुखदुर्बळही. एक जण तर हळकुंड मोडून बघतो, वास घेतो, आकडा सांगतो की पुढच्या ढिगाकडे. शेतकरी त्याच्या भावाची वाट बघतात. धंद्याचा नाद त्याला कुणापेक्षा कमी नाही. उलट माझा पुतण्या गप्पांत कुणाला ऐकणार नाही, पण पेढीवर जांभया देतो. तासगावच्या द्राक्षबागेत छाटणीला सोडा, जेवायला हाका माराव्या लागतात. (त्याच्या वडिलांना हे अजून पटलेलं नाही.)

स्वभावाची चाचणी वाया जाते असं नाही. अबोल वकिलाला उलटतपासणीपेक्षा दस्त आणि मसुदे जास्त मानवतील, इतपत ती सांगू शकेल. पण वकिलीच नको, हे त्या उत्तरांतून निघालं कुठून?

शाळांनी अशा चाचण्या बोलावण्याआधी प्रश्नपत्रिका वाचून घ्यावी. आवड आणि स्वभाव यांचे निष्कर्ष वेगळे छापून मागावेत, आणि ‘टाळावे’ हा रकाना आधी काढायला लावावा.

आपला,
एक अडत व्यापारी, सांगली