दादाला घरी आणलं

गुहागर,
२२ फेब्रुवारी

प्रिय बंड्या,

तुझे फोन आले तेव्हा उचलले नाहीत, रागावू नकोस. बोलायला लागलो की घसा दाटून येतो, म्हणून लिहायला बसलो. दादाचं तेरावं होऊन आज पाच दिवस झाले. तुला कुवेतहून रजा मिळाली नाही, ते मनाला लावून घेऊ नकोस. पण काय काय झालं ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं. आपल्या दोघांना खाडीत पोहायला त्यानेच शिकवलं होतं.

गुरुवारी रात्री जेवून झोपला तो शुक्रवारी पहाटे उठलाच नाही. हार्टचं निघालं. वय ४४. तो राहायचा तो कामगारांचा कॅम्प दुबईच्या सोनापुरात. मुंबईतली जुनी माणसं स्मशानाला सोनापूर म्हणतात, म्हणून त्याने पहिल्यांदा पत्ता कळवला तेव्हा आजीने देवाला नारळ ठेवला होता. ते मला त्या दिवशी सारखं आठवत होतं.

तिकडे शुक्रवारी ऑफिसं अर्धा दिवस, शनिवार-रविवार बंद. पोलिसांनी दादाला शवागारात नेलं आणि सोमवारपर्यंत आम्ही इकडे नुसते बसून. अरे, घरात माणूस गेलंय आणि करण्यासारखं काहीच नाही. चूल बंद, आलेली माणसं ओटीवर बसून उठून जातायत, आणि ज्याच्यासाठी रडायचं तो दीड हजार किलोमीटरच्याही पलीकडे.

शनिवारी भावकीतल्या एका काकांनी विषय काढला. तिकडे जेबेल अलीला हिंदूंचं स्मशान आहे, तिथेच अग्नी द्यावा, अस्थी आणाव्यात, हाल कमी होतील. खोटं सांगतो असं नाही, मलाही क्षणभर ते बरं वाटलं. वहिनी काही बोलली नाही. आई आतून बाहेर आली आणि म्हणाली, "राख कुणाची हाय ती मना काय कळणार? माझं पोर माझ्या दारात आणा." तिथे विषय संपला.

मग कागद. डॉक्टरांचा दाखला, पोलिसांचा ना-हरकत, मृत्यूचा दाखला अरबीतून, त्याचं भाषांतर, व्हिसा रद्द, आपल्या वकिलातीत मृत्यूची नोंद, पासपोर्ट रद्द, त्यांचा ना-हरकत. हे झाल्यावर एम्बामिंग, त्याचा दाखला वेगळा, पेटी सील केल्याचा वेगळा. एक कागद अडला की पुढचे सगळे अडतात. तिकडे कागद कोणाच्या हाती द्यायचे त्याचं नाव लिहून वहिनीची सही लागली. त्या सहीच्या वेळी तिचा हात एवढा कापत होता की पोरीने मनगट धरलं. कामगार मेला तर त्याला घरी पोचवायचा खर्च मालकाचा, असा तिकडचा कायदा आहे, तरी मालकाच्या माणसाने व्हिसा रद्द करायला सोमवार अख्खा घालवला. धाकट्या भावाने परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार टाकली, वकिलातीत फोन केले, तेव्हा मंगळवारी सकाळी काम हललं.

आणि हे सगळं पायाला भिंगरी लावून कोणी केलं? खेडच्या एका चाचांनी. दादाच्या शेजारच्या खाटेवरचे. नातं नाही, गोत नाही, तीन दिवसांचा पगार बुडवून या ऑफिसातून त्या ऑफिसात. सगळे जण 'बॉडी कधी निघणार' म्हणत होते, मीही म्हणायला लागलो होतो. चाचा एकदाही बॉडी म्हणाले नाहीत. "भाऊ बुधवारी सकाळी पोचेल," म्हणाले. पेटी बंद करताना ते तिथे उभे होते. त्याच्या नावाने हाक मारून त्यांनी सांगितलं, "चल, गावाला चाललायस." हे त्यांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा मी मुंबई विमानतळावर सहार कार्गोच्या गेटवर उभा होतो. इतक्या दिवसांत तिथे पहिल्यांदा रडलो.

सहारला विमानतळाच्या आरोग्य अधिकाऱ्याची मंजुरी लागते. त्याचा अर्ज आता ई-केअर नावाच्या पोर्टलवर आधीच करता येतो, तो केला होता. तरी कस्टम आणि बाकीचं होईपर्यंत संध्याकाळचे सात वाजले. प्रत्येक खिडकीवर एकच प्रश्न, तुम्ही त्यांचे कोण? भाऊ. ओळखपत्र दाखवा. दिवसभरात दहा वेळा तरी मी भाऊ असल्याचं दाखवलं असेल. कार्गोच्या कागदावर दादाचं वजन किलोत लिहिलेलं, पेटीसकट. तो आकडा मी कुणाला सांगितलेला नाही, तुलाही सांगणार नाही.

अँब्युलन्स माणगावला चहाला थांबली. ड्रायव्हर म्हणाला, उतरा, पाय मोकळे करा. दादाला एकटं सोडवेना, म्हणून मागच्या दाराशी उभा राहूनच चहा घेतला. कशेडीला बोगद्यातून गाडी गेली तेव्हा वाटलं, घाटातल्या वळणावर तो नेहमी खिडकी उघडून म्हणायचा, "आलं आपलं कोकण." चिपळूण सोडलं, शृंगारतळी मागे गेलं, आणि चार वाजता दारात पोचलो. अंगणात अख्खी वाडी जागी.

आता खरी गोष्ट लिहितो, जिच्यासाठी एवढं लांबण लावलं.

पेटी उघडू नका, असं मला दोघांनी बजावलं होतं. औषधाचा वास असतो, चेहरा बदललेला असतो, म्हातारीला सोसणार नाही. बाबा नाहीत, निर्णय माझा. उजाडेपर्यंत मी पडवीत बसून होतो. मग सुतारआळीतल्या तात्यांना म्हटलं, स्क्रू काढा. तात्यांनी एकेक स्क्रू काढून खिशातल्या रुमालात ठेवला, जमिनीवर एकही टाकला नाही. आतला पत्रा कापताना मात्र पोरांना लांब पाठवलं. फॉर्मालिनच्या उग्र वासाने डोळे चुरचुरले.

दादाच होता. गाल जरा काळवंडलेले, नाकात कापूस. पण भांग उजवीकडे पाडलेला. कुण्या परक्या माणसाने चांगल्या मनाने विंचरून दिलं असेल, त्याला काय ठाऊक! आई वाकली, रडली नाही, बोटांनी केस सारखे करून भांग डावीकडे घेतला, आणि मग त्याच्या कपाळावर हात ठेवून बसली. आंघोळ घालता येणार नव्हती. वहिनीने तुळशीचं पाणी ओठांना लावलं. पाच मिनिटं असतील. मग मीच म्हटलं, चला.

बंड्या, उघडली ते बरोबर केलं की नाही, ते मला अजून ठरवता येत नाही. आई त्या रात्रीपासून झोपते, वहिनी झोपत नाही. ती म्हणते, डोळे मिटले की तो कापूस दिसतो.

पेटीच्या फळ्या सरणावर घातल्या. पत्रा उरला, तो शेडमागे पडलाय, भंगारवाल्याला द्यायला कुणाचा हात धजत नाही. भटजींनी अग्नी दिल्यापासून दिवस धरले. दहाव्याला कावळा लवकर शिवला.

एक काम तुझ्याकडे. तुझ्या पासपोर्टची, व्हिसाची, सिव्हिल आयडीची प्रत तुझ्या घरी ठेवायला दे, आणि तुझ्याबरोबर राहणाऱ्या दोघांचे नंबर तुझ्या घरच्यांना लिहून दे. आमच्याकडे दादाच्या पासपोर्टची प्रत शोधायला अर्धा दिवस गेला, शेवटी बँकेच्या जुन्या फायलीत सापडली. तू नववीत शाळा सोडलीस, तुझा पासपोर्ट ईसीआरचा, दहावी न झालेल्यांना बाहेर नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागते तो, म्हणजे जाताना प्रवासी भारतीय विमा काढला असणार. अपघाती मृत्यूला १० लाख मिळतात त्यात. पण तो दोन किंवा तीन वर्षांचाच असतो, संपला असेल तर पुन्हा काढ. दादा दहावी पास, त्याला तो सक्तीचा नव्हता, त्याने काढलाच नाही. असता तरी हार्टला ते १० लाख मिळाले नसते म्हणा.

शिमग्याला यायचं त्याने २६ तारखेचं तिकीट काढलं होतं. यंदा पालखी आपल्या दारात येणार नाही. गुरव विचारायला आले होते, आईने हात जोडले.

चाचा मे महिन्यात खेडला येतायत. आई म्हणते त्यांना घरी घेऊन ये, एक रात्र तरी राहू देत. तुझी रजा त्याच सुमारास पडते का बघ. आणि पोचल्याचं पत्र पाठवू नकोस, रविवारी फोन कर. आता उचलीन.

तुझा,
दिन्या