थ्रिफ्ट स्टोअरमधलं बेकिंगचं सामान: अंजूला पत्र

एडिसन, न्यू जर्सी
५ जानेवारी

प्रिय अंजू,

कोलंबसचं घर लागलं, आता ओव्हन सुरू करायचाय, हे वाचून बरं वाटलं. भांडी नवी घेऊ की जुनी, असं विचारलंयस. जुनीच घे, आणि या महिन्यातच घे. सणांनंतर लोक कपाटं रिकामी करतात, त्यामुळे जानेवारीत थ्रिफ्ट स्टोअरांत, म्हणजे गुडविल, साल्व्हेशन आर्मी अशा लोकांनी दान केलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या दुकानांत, भरपूर माल येतो. दुसरा असा मोसम मे महिन्यात, कॉलेजची मुलं खोल्या सोडतात तेव्हा. पुष्कळ दुकानांत किमतीच्या चिठ्ठ्या रंगीत असतात आणि दर आठवड्याला एका रंगावर सवलत असते. दारातली पाटी आधी वाच.

जाताना पर्समध्ये मोजपट्टी, फ्रिजवरचा एखादा चुंबक आणि १० सेंटचं नाणं ठेव.

आधी स्टँड मिक्सर, म्हणजे ओट्यावर ठेवायचं, भांडं आणि फेटणी असलेलं मोठं यंत्र, कारण खरे पैसे तिथेच वाचतात. किचनएड नावाचे मिक्सर पूर्वी तुझ्या ओहायोतल्याच ट्रॉय गावची होबार्ट कंपनी बनवायची. १९८६ मध्ये तो धंदा व्हर्लपूलकडे गेला. बुडाच्या पट्टीवर होबार्टचं नाव दिसलं तर थांबून नीट बघ, ती यंत्रं फार दणकट. पण नावावर भुलू नकोस. प्लग लावायच्या आधी, फेटणी जिथे बसते तो भाग हाताने फिरवून बघ. तो जड लागला पाहिजे. सहज गरगर फिरला तर आतलं गियर गेलेलं असण्याची शक्यता मोठी. मग दुकानातल्या प्लगवर सगळे वेग चालवून बघ, दोन-तीन मिनिटं तरी. एकसारखी घुंई असेल तर ठीक. मोटर गुणगुणते पण फेटणी फिरत नाही, याचा अर्थ बहुधा गियरचे दाते झिजलेत. बहुतेक मॉडेलांत एक गियर मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं, जोर जास्त झाला तर ते तुटावं आणि मोटर वाचावी म्हणून. ते स्वस्तात मिळतं आणि बदलता येतं. मोटर अडखळत चालत असेल तर कार्बन ब्रश, म्हणजे मोटरला वीज पोचवणारे छोटे तुकडे, झिजलेले असू शकतात. ते दोन्ही बाजूंच्या गोल झाकणांखाली असतात आणि तेही बदलता येतात. जळका वास आणि धूर मात्र असेल तर हात लावू नकोस.

मिक्सरच्या डोक्याखालून तेल ठिबकलेलं दिसलं तर घाबरू नकोस. यंत्र बराच काळ पडून राहिलं की ग्रीसमधलं तेल सुटं होतं. जुनं ग्रीस पुसून खाण्याच्या यंत्रांना चालणारं नवं भरलं की काम झालं. वायरचं रबर चिरलेलं असेल तर वायर बदलूनच वापर. भांडं आणि चपटी फेटणी सोबत नसेल तर भाव निम्म्यावर आण, कारण ते वेगळं घ्यायला गेलीस की बचत तिथेच संपते.

घरी आणल्यावर ते नाणं भांड्याच्या तळाशी ठेव, चपटी फेटणी लाव आणि सगळ्यात कमी वेगावर चालव. प्रत्येक फेरीला नाणं साधारण अर्धा इंच सरकलं पाहिजे. सरकलंच नाही तर फेटणी उंच आहे, तळाचं लोणी तसंच राहील. सारखं ढकललं जात असेल तर ती खाली आहे, भांडं खरवडेल. डोकं मागे कलणाऱ्या मॉडेलात मानेच्या सांध्यात एक स्क्रू असतो, तो थोडाथोडा फिरवून उंची जमव. आणि पावाची कणीक २ नंबरच्या वेगाच्या वर कधी मळू नकोस. बिचारी गियरं त्यानेच जातात.

हा मिक्सर पुढे पुण्याला न्यायचा विचार मात्र करू नकोस. तो १२० व्होल्टचा, आपल्याकडे २३०. त्याच्यासाठी जड ट्रान्सफॉर्मर बाळगावा लागेल.

आता बेकिंग ट्रे आणि साचे. नियम एकच: निव्वळ धातू घे, थर दिलेला सोड. नॉनस्टिकवर ओरखडे असले की केक तिथेच चिकटतो आणि थर सुटत राहतो. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, त्यावरून अंदाज येतो. बेकिंग ट्रे काचेच्या काउंटरवर पालथा ठेव. एक कोपरा जरी डुगडुगला तरी परत ठेव, कारण ओव्हनमध्ये तो आणखी वाकतो आणि नानकटाई एका बाजूला सरकते. हाफ शीट नावाचा ट्रे म्हणजे १८ बाय १३ इंच, पण घेण्याआधी ओव्हन आतून मोज. दुहेरी पत्र्याचे ट्रेही दिसतील. हलवून बघ, आत पाणी डुचमळत असेल तर ते आता निघणार नाही. तसेही त्यावर खारीचा तळ खरपूस होत नाही.

केकचं भांडं २ इंच खोल आणि सरळ काठांचं बघ. ९ इंची गोल आणि ८ इंची चौकोनी भांड्याचं क्षेत्रफळ जवळपास सारखंच, त्यामुळे मावा केकचं एकच माप दोन्हींत चालतं. काळ्या भांड्यात कडा लवकर करपतात, तेव्हा ओव्हन २५ अंश फॅरनहाइटने कमी ठेव. नॉर्डिक वेअर कंपनीचा ओतीव ॲल्युमिनियमचा जाड बंट साचा, म्हणजे मधे भोक असलेला नक्षीदार गोल साचा, दिसला तर सोडू नकोस. त्याचे कोपरे इतके स्पष्ट उठतात की केकला आयसिंग लागतच नाही.

काळवंडलेलं ॲल्युमिनियम लिटरभर पाण्यात दोन टेबलस्पून क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगची आंबट पांढरी पूड) घालून दहा मिनिटं उकळ, पुष्कळ उजळतं. ओव्हन क्लीनर त्याला लावू नकोस, तो धातूच खातो. बिडाच्या तव्याचा गंज निघतो, तडा मात्र जुळत नाही. घासून कोरडा कर, तेलाचं बोट फिरवून जवळजवळ सगळं पुसून टाक, आणि ओव्हनमध्ये ४५० अंश फॅरनहाइटवर तासभर पालथा ठेव. तेल जास्त राहिलं तर थर चिकट होतो.

ब्रेड मशीन तर प्रत्येक दुकानात पडलेलं असतं. आतलं छोटं पातं जाग्यावर आहे का, एवढं आधी बघ. बहुतेक वेळा तेच हरवलेलं असतं.

ओव्हनचा थर्मामीटर आणि सिलिकॉनचे साचे नवेच घे. जुन्या सिलिकॉनचा वास केकला लागतो.

मिक्सर सापडला की बुडाच्या पट्टीचा फोटो पाठव. मॉडेल नंबर वाचून कुठलं गियर आणि कुठलं भांडं बसेल ते कळवते.

तुझी,
सुनीता