बाबांच्या वहीतलं ‘उसने’

बेंगळुरू,
12 नोव्हेंबर 2025

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांच्या देखभालीला माणूस ठेवायचा विषय काढला की बाबा फोन आईकडे देतात आणि आई “ते राहू दे, जेवलीस का?” म्हणून मोकळी होते. म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, हे पत्र तुम्हीच आईला मोठ्यानं वाचून दाखवा. पार्किन्सन्समुळं आवाज बारीक होत चाललाय, रोज मोठ्यानं वाचा असं डॉक्टरांनी सांगितलंयच. आजचा पेपर उद्या वाचा.

भाऊबीजेला आले तेव्हा आईच्या दंडावर काळानिळा डाग होता. कपाटाचं दार लागलं म्हणालीस. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला मला जाग आली तेव्हा ते दार कुठलं ते कळलं. तू जुन्या सुती साडीची घडी घालून तिचा पट्टा बाबांच्या पाठीमागून घेतला होतास, दोन्ही टोकं हाताला गुंडाळली होतीस आणि “एक, दोन, तीन” म्हणून त्यांना पलंगावरून ओढून उभं करत होतीस. बाबांनी तुझा दंड धरला होता. बाथरूमच्या उंबऱ्याशी आल्यावर त्यांचे पाय थिजले, पुढेही जाईनात, मागेही येईनात. मग तू तुझं पाऊल त्यांच्या पावलापुढे आडवं ठेवलंस आणि ते तुझं पाऊल ओलांडून आत गेले. ही युक्ती तुला कुणी शिकवली? दोन वर्षं ज्या गुडघ्याचं ऑपरेशन तू पुढं ढकलतेयस, त्याच पायाचं पाऊल होतं ते. मी उठून मदतीला यायला हवं होतं. अंधारात पडून राहिले, झोपल्याचं सोंग घेऊन. तुला मी बघितलेलं आवडलं नसतं, असं त्यावेळी वाटलं. आता वाटतं, मलाच बघवत नव्हतं.

आता मावशींचं. आषाढी एकादशीला बाबा पडले आणि दादानं धावपळ करून, घरी आजारी माणसाची देखभाल करणारी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोमधून मावशी ठेवल्या. मिरजेत एक बरं आहे, कर्नाटकातनंसुद्धा लोक उपचाराला येतात, त्यामुळं दवाखान्यांच्या आसपास ब्युरो पुष्कळ. नोंदणीचे तीन हजार भरले. अकराव्या दिवशी तू त्यांना निरोप दिलास आणि आम्हाला ते विसाव्या दिवशी कळलं. मधले नऊ दिवस मी रोज विचारत होते, “मावशी आल्यात का?” आणि तू सांगत होतीस, “आत्ताच गेल्या बघ.” आई, शाळेत असताना अशा थापेला मला फटका मिळाला असता.

कारण तू पैशाचं सांगितलंस. रोजचे सातशे, वर त्यांचा चहा, जेवण, वर तुझ्या स्वयंपाकघरात त्यांचा हात. दादानं ते खरं मानलं. खरं कारण तू भाऊबीजेच्या रात्री भांडी पुसता पुसता सांगितलंस. बाबांना परक्या बाईकडून अंघोळ घालून घ्यायची लाज वाटत होती, आणि ते तोंडानं म्हणत नव्हते. नुसते दोन दिवस अंघोळीलाच “नको” म्हणाले. बाबा, तुम्ही हे आधी सांगितलं असतंत तर यात हसण्यासारखं किंवा रागावण्यासारखं काही नव्हतं. ब्युरोकडे पुरुष माणसंही असतात. कुणी ब्रदर म्हणतं, कुणी मामा. मी गेल्या आठवड्यात फोन करून विचारलं. चोवीस तासांचे रोज हजार रुपये.

हजार ऐकून आईच्या कपाळाला आठ्या पडल्या असणार. थांब, पूर्ण वाच.

मी आधी विम्याकडे बघितलं. बाबांची पॉलिसी रात्री बसून शेवटच्या पानापर्यंत वाचली. त्यात ‘एक्सल 05’ असं एक कलम आहे. घरी असो की नर्सिंग होममध्ये, अंघोळ घालणं, कपडे चढवणं, इकडून तिकडे नेणं, असल्या रोजच्या मदतीचा खर्च मिळणार नाही. हे एकट्या आपल्या कंपनीचं नाही, विमा नियामकानं सगळ्यांसाठी ठरवलेल्या वगळण्यांच्या यादीतलंच आहे. सत्तरीपुढच्यांचं ते आयुष्मान वय वंदना कार्ड तुम्ही काढलंत ते उत्तमच केलंत. उत्पन्न कितीही असलं तरी तुम्हा दोघांत मिळून वर्षाला पाच लाखांपर्यंत सोय आहे. पण ती दवाखान्यात दाखल झाल्यावर. पडल्यावर हाड बसवायला पैसे मिळतात, पडू नये म्हणून शेजारी माणूस ठेवायला मिळत नाहीत. तर तो आपला आपणच ठेवायचा.

बाबा, आता तुमच्या विषयात येते, म्हणजे गणितात. मामांचे महिन्याला 30,000. फिजिओथेरपिस्ट घरी यायचे एका वेळचे पाचशे, महिन्यात तेरा वेळा धरले तर 6,500. रात्रीचे डायपर आणि बाकी किरकोळ 2,500. एकूण 39,000. तुमचं पेन्शन 36,000, त्यातले घरखर्च आणि औषधं मिळून 22,000 जातात. उरतात 14,000. डिसेंबरात तुमच्या वीस लाखांच्या ठेवीची मुदत संपतेय. तिचं व्याज तुम्ही वर्षानुवर्षं मुद्दलात मिळवत आलात, कधी हातात घेतलं नाहीत. यावेळी त्यातले अठरा लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. आत्ता 8.2 टक्के आहे, आणि एकदा ठेवले की पाच वर्षं तोच दर राहतो. दर तीन महिन्यांनी 36,900 खात्यात येतील, म्हणजे महिन्याला 12,300. व्याजातून कर कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म आठवणीनं भरायचा, नाहीतर कापून घेतील. उरलेले दोन लाख साध्या खात्यात राहू देत, कारण पोस्टातले वर्षाच्या आत मोडले तर व्याजावर पाणी सोडावं लागतं. 14,000 आणि 12,300 झाले 26,300. कमी पडतात 12,700. दादा 6,350, मी 6,350.

इथं तुम्ही थांबणार, मला माहितेय. ठेव मोडायची नाही, ती ‘लेकरांसाठी’ आहे. बाबा, तुमची लेकरं अनुक्रमे 50 आणि 46 वर्षांची आहेत, धाकटीला चाळिशीचा चष्मा लागलाय. आणि मी मोडायला कुठं सांगतेय? मुद्दल जाग्यावर आहे, फक्त व्याज खायचं आहे. तेही कमी पडलं तर पुढं मुद्दलालाही हात लावा. त्याहीपुढं गरज लागली तर घर आहे. साठीपुढच्यांना स्वतःच्या घरावर बँक दर महिन्याला पैसे देते, रिव्हर्स मॉर्गेज म्हणतात. तुमच्यापैकी एक जण जरी असेल तोवर घर सोडावं लागत नाही, हप्ताही नसतो. नंतर ते कर्ज आम्ही फेडून घर घ्यायचं की बँकेला विकू द्यायचं हे आमचं आम्ही बघू. आज त्याची गरज नाही. पण ‘पोरांसाठी घर’ म्हणून आई पहाटे साडीच्या पट्ट्यानं माणूस ओढणार असेल तर तसलं घर मला नको.

दुसरी अडचण माझ्या 6,350 ची. तुमची हिशेबाची वही मी चाळली, विचारलं नाही, माफ करा. 2019 पासून अक्षर कसं लहान लहान होत गेलंय ते तिथं दिसतं. अख्ख्या वर्गाला फळ्यावरून कित्ता देणारे तुम्ही, आणि आता ‘दूध’ हा शब्द मुंगीएवढा. आजाराचं नाव आपल्याला कळलं 2021 मध्ये, वहीला दोन वर्षं आधीच कळलं होतं. पण मला पुढं वाचवेना ते वेगळ्या कारणानं. दादाचे पैसे तुम्ही ‘जमा’ लिहिलेत. माझे दर वेळी ‘मनू – उसने’. ऑगस्टपर्यंतची बेरीजसुद्धा मारून ठेवलीय, 41,000.

लेकीच्या घरचं पाणीही पिऊ नये म्हणणाऱ्या आजीचा तुम्ही मुलगा, हे मला समजतं. पण मला सायकल घेऊन देताना तुम्ही “मुलाला एक आणि मुलीला एक” म्हणाला होतात, आणि शेजारचे काका हसले तर त्यांना वर्गातल्यासारखं झापलं होतंत. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा 2007 चा कायदा आहे ना, त्यात अपत्य म्हणजे मुलगा आणि मुलगी दोन्ही. सरकारनं जे लिहिलं ते तुमच्या वहीत यायला काय हरकत आहे? जावयाला काय वाटेल हे मनात असेल तर त्यांनाच विचारा. पगार माझा आहे, आणि ते त्यांच्या आईच्या औषधांचं बघतात तेव्हा मी वही घेऊन बसत नाही.

वहिनींबद्दल एक वाक्य. दादाला निम्मं देणं जड जातंय असं त्या म्हणाल्या असतील तर त्यांचं चुकत नाही, घराचे हप्ते आहेत, मुलाची बारावी आहे. दादाशी मी बोललेय. त्याला जमणार नाही त्या महिन्यात माझे जास्त. हे आम्हा बहीणभावंडांतलं आहे, तुम्ही मध्ये पडू नका.

मामा आले की हॉलमध्ये बाबांच्या पलंगाशेजारी गादी टाकून झोपतील. आई, तू आतल्या खोलीत दार लावून झोपायचंस. बाबांनी हाक मारली तरी उठायचं नाही, मामा उठतील. पहिले चार दिवस तुला झोप लागणार नाही. पडून राहा. सिंडोपाच्या गोळीच्या वेळा मी मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावणार आहे, सात, अकरा, तीन, सात. गोळीची वेळ टळली की पाय थिजतात, हे मामांना पहिल्या दिवशी सांगायचं. आणि महिन्यातून चार सुट्ट्या द्यायच्याच. त्या दिवसांचा बदली माणूस ब्युरोकडून आधी ठरवून घ्यायचा. मावशी मला एकदा म्हणाल्या होत्या, सातशेतले दीडशे ब्युरो ठेवून घेतो. जतच्या बाजूच्या गावातनं येऊन साडेपाचशेवर कुणाच्या तरी वडलांचं मलमूत्र काढायचं. त्यांच्याकडे घासाघीस करू नका. घासाघीस करायचीच तर ब्युरोवाल्याशी मी करते, मला येते.

बाबा, अंघोळीचं. पहिल्या दिवशी मी घरात असेन आणि बाहेर गच्चीवर जाऊन बसेन. पाठ तुमची, साबण तुमच्या हातात. मामांनी फक्त धरायचं. आठ दिवस करून बघा. नाही पटलं तर नववा दिवस तुमचा, पण मला फोनवर तुम्ही स्वतः सांगायचं, आईनं नाही.

येत्या शुक्रवारी रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं निघतेय, शनिवारी दुपारपर्यंत पोचेन. ब्युरोवाला संध्याकाळी पाचला माणूस दाखवायला घेऊन येतो म्हणालाय. ठेवीची पावती, दोघांचे आधार, पॅन आणि फोटो काढून ठेवा, सोमवारी पोस्टात विचारून येऊ. तुमचा हयातीचा दाखलाही अजून राहिलाय, नोव्हेंबर संपत आला की रांग लागते. तोही त्याच फेरीत उरकू.

दोघांना नमस्कार.

तुमची,
मनू

ता. क. आई, मावशींसाठी तू मोरीच्या कट्ट्यावर वेगळा ठेवला होतास तो कानतुटका कप अजून तिथंच आहे. मी येईपर्यंत तो तुझ्या हातून फुटू दे. नाहीतर माझ्या हातून फुटेल.