मुक्कामाची उंचीही छापा

मा. संपादक,

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की लडाखच्या सहलींचे कार्यक्रम छापून येऊ लागतात. आता त्यात कॅम्पर व्हॅन भाड्याने घेऊन, मागे सायकली बांधून निघणाऱ्यांचीही भर पडली आहे. कार्यक्रमात दिवसागणिक किलोमीटर असतात, मुक्कामाचे गावही असते, फक्त त्या गावाची उंची नसते. मराठवाड्यातून जाणाऱ्यांच्या जिवाशी गाठ आहे ती याच आकड्याची.

आपली बहुतेक गावे समुद्रसपाटीपासून चारशे ते सहाशे मीटरवर. म्हैसमाळचा घाट रोज चढला तर पायात ताकद येईल, पण विरळ हवेची सवय इथे होणार नाही. मनालीहून सायकलनेच निघालेला माणूस हळूहळू चढतो, शरीराला वेळ मिळतो. व्हॅन तो वेळ देत नाही. 2020 मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून तर सकाळी मनालीहून, म्हणजे सुमारे 2,050 मीटरवरून, निघालेली गाडी बारालाचा खिंड ओलांडून संध्याकाळी सरचूला 4,300 मीटरच्या आसपास मुक्कामाला पोहोचते. तिथे रात्र काढून दुसऱ्या दिवशी सायकल चालवायची, हा बेत सरळ धोक्याचा आहे.

नियम साधा आहे. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त चढू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस आहे तिथेच थांबावे. मनालीच्या वाटेवरच्या जिस्पा गावापासून सरचूपर्यंत या एकाच टप्प्यात हजार मीटरहून अधिक चढ आहे, तिथे हा नियम मोडतोच. म्हणून जाताना श्रीनगर, कारगिल, लामायुरू, लेह असे जावे आणि मनालीचा रस्ता परतीला ठेवावा. लेहमध्येही पहिले दोन दिवस सायकल खाली उतरवूच नये.

डोके दुखणे, मळमळ, अन्नावरची वासना जाणे ही लक्षणे दिसली की आणखी वर चढू नका. चालताना झोक जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली उतरवा. व्हॅनमध्ये आणखी एक घात असतो. थंडी वाजते म्हणून खिडक्या घट्ट लावून शेगडी पेटती ठेवली जाते. कार्बन मोनॉक्साइडनेही डोकेच दुखते, मळमळतेच, आणि सगळे त्याला ‘उंची लागली’ समजतात. शेगडी फक्त स्वयंपाकापुरती, तीही खिडकी उघडी ठेवून. डाळ मात्र कुकरमध्येच लावा; त्या उंचीवर पाणी 86 अंशांच्या आसपासच उकळते.

सायकली मागे बांधताना टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर येत नाही ना, हे बघा. तापून ट्यूब फुटते. नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जाऊ नयेत. कच्च्या रस्त्यावर पट्टे सैल होतात, म्हणून पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून ते पुन्हा आवळावेत. उतारावर व्हॅन खालच्या गिअरमध्येच हवी. सायकलचे रिम ब्रेक सतत दाबून ठेवू नयेत. रिम तापली की ट्यूब जाते.

हिवाळ्यात जैसलमेरकडे जाणाऱ्यांना काटे नवे नाहीत. सराटे आणि बाभूळ आपल्याकडेही आहेतच. तरी चूक तीच होते: ट्यूब बदलतात, काटा टायरमध्येच राहतो आणि पाच मिनिटांत नवी ट्यूबही पंक्चर होते. टायरच्या आतून कापसाचा बोळा सावकाश फिरवावा. जिथे तंतू अडकेल तिथे डोळ्यांना न दिसणारे काट्याचे टोक असते. ते चिमट्याने आतूनच ओढून काढावे. बाहेरून ढकलले तर तिथेच मोडते.

– काही सायकलस्वार, छत्रपती संभाजीनगर