टस्कीगीच्या पत्त्यावर

चि. मंदार यास,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन ठेवलास, त्यानंतर बराच वेळ मी ओट्यापाशी नुसती उभी होते. "त्या लोकांच्या वस्तीत रात्रीचा हिंडू नकोस," असं मी म्हणून गेले. तू म्हणालास, "आई, अख्खं गावच त्यांचं आहे. पाहुणा मी आहे."

खरंच आहे रे. अमेरिकेतल्या अलाबामातलं हे टस्कीगी, नऊ-साडेनऊ हजारांचं गाव, दहातले नऊजण कृष्णवर्णीय. आणि तिथल्याच, भुईमुगावर प्रयोग करणाऱ्या कार्व्हरांच्या गोष्टी सांगत मी तुला भरवलंय! भुईमुगाच्या शेंगा सोलताना तू अर्ध्या खिशात टाकायचास, 'प्रयोगाला' म्हणून. नानांनी ती पँट अजून ठेवली आहे. आज कार्व्हरांच्याच संस्थेत तू जनावरांचा डॉक्टर होतोयस. शेजारी सगळ्यांना सांगून झालं माझं.

रात्री दवाखान्यातून एकटाच चालत येतोस का?

तू सांगितलेलं हद्दीचं प्रकरण मी वाचून काढलं. चांगलं चौकोनी शहर, 1957 साली अलाबामाच्या विधिमंडळानं त्याची अठ्ठावीस बाजूंची आकृती केली. चारशेच्या आसपास कृष्णवर्णीय मतदार होते, ते चार-पाच सोडून सगळे हद्दीबाहेर. गोरा एकही बाहेर गेला नाही. तिथले प्राध्यापक गॉमिलियन कोर्टात गेले आणि 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकले. मी कागदावर ती आकृती काढायला बसले. इतकी वर्षं भूमिती शिकवली, पण माणसं वगळायला रेघ ओढलेली पहिल्यांदाच पाहिली असं वाटलं, आणि मग कोनाड्यातला कप आठवला. वाड्यातला, कान तुटलेला, उपडा ठेवलेला. सारजाबाईंचा. त्या स्वतः विसळून परत तिथेच ठेवायच्या. मी रोज बघत होते, एकदाही बोलले नाही. आणि परवा तुला 'ते लोक' म्हणाले.

तेव्हा तू माणसांत जा. घरमालकीण रविवारी चर्चला बोलावते ना, जा, तिथे जेव. तिला आपला शेंगदाण्याचा लाडू दे. आपली चार मुलं ऑबर्नला आहेत म्हणून दर सुट्टीला तिकडेच पळू नकोस. ज्या गावात राहतोस त्या गावाचा... जाऊ दे, भाषण झालं. राग मानू नकोस.

रस्त्यावर दिवे आहेत का, ते मात्र सांगितलं नाहीस. तुझे रात्रीचे अकरा म्हणजे इथे सकाळचे साडेनऊ, माझा फोन हातातच असतो. खोलीवर पोचलास की 'आलो' एवढंच लिही.

तुझी,
आई